सहा फूट मेंदी

डबीरकाका कशालाही भीत नसत, आणि त्यांच्याबरोबर असले की माझी मात्र पाचावर धारण बसलेली असे.

त्यांचं रस्ता ओलांडणंच घ्या. संध्याकाळच्या वेळी हजरतगंजच्या चौकात चारी बाजूंनी गाड्या अंगावर येत असतात. काका डावीउजवीकडे न बघता सरळ रस्त्यात उतरायचे. एक तळहात गाड्यांच्या दिशेने धरायचा, मान ताठ, आणि चालू लागायचं. ब्रेक करकचून लागत, ई-रिक्षावाले माना बाहेर काढून नको ते बोलत, आणि मी मागे फुटपाथवर डोळे मिटून उभी. डोळे उघडावेत तर काका पलीकडे पोचून मलाच हाका मारत असायचे. “अवं ये ना! गाडीवाल्याले आपल्याले मारायचं नसते, स्मिताबाई. त्याले घरी जायचं असते.”

मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या बदलीमागोमाग मीही बँकेची बदली मागून घेतली आणि आम्ही लखनौला आलो. विकास नगरात घर मिळालं, आणि वरच्या मजल्यावर अमरावतीचं एक मराठी जोडपं राहतं हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी सामान उतरवायच्या आधी जिना चढले. दार काकूंनी उघडलं. मागे काका जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर एक भलामोठा नकाशा, आणि नकाशाच्या चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवलेले. “पाय देऊ नको हं,” ही त्यांची माझ्याशी पहिली ओळख.

उंच, काटकुळा माणूस. थंडीत कानटोपी आणि मफलर, उन्हाळ्यात पांढरा बुशशर्ट, खिशात तीन टोकदार पेन्सिली आणि खांद्याला खादीची पिशवी. शहराच्या नियोजनाचं काम करणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते वास्तुरचनाकार होते. गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं. गाडीच काय, स्कूटरही नाही, आणि शिकायचीही नव्हती. मी किती वेळा म्हटलं, काका, मागे बसा, गंजपर्यंत सोडते. तर म्हणायचे, “तुझ्या मागं बसून मला फक्त तुझं हेल्मेट दिसन. मला शहर पाहायचं आहे.” मग ते शेअर ई-रिक्षाने यायचे, किंवा चक्क पायी.

आणि शहरात त्यांच्या डोळ्यांत सर्वांत सलायची ती उघडी पार्किंगची मैदानं. जुन्या इमारती पाडून नवीन व्हायच्या आधी मध्येच अडकलेल्या जागा. धूळ, पानाच्या पिचकाऱ्या, पावसात डबकी, आणि कशाही तिरप्या घुसवलेल्या गाड्या. अशी जागा दिसली की काकांचा चेहरा आंबट व्हायचा. “गाड्या ठेवायला जागा पाहिजे, कबूल आहे ना बाप्पा. आपल्या घरीही कपडे वाळत घालतोच आपण. पण दिवाणखान्यात पाहुण्यांच्या डोक्यावर चड्डी-बनियन वाळत घालतो का?” हे वाक्य त्यांनी मला, माझ्या नवऱ्याला, आमच्या दूधवाल्याला आणि एकदा लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाच्या वडिलांनाही ऐकवलं होतं.

हजरतगंजला माझ्या बँकेच्या शेजारी अशीच एक जागा होती. मी तिथेच स्कूटर लावायची. जमिनीचा दावा कोर्टात चालू होता, त्यामुळे तिथे एक वीटही रचायला मनाई. काकांच्या मनात खरं तर फुटपाथच्या कडेने छोटी दुकानं होती: चहाचं, पुस्तकांचं, चिकनकारीच्या कुर्त्यांचं. म्हणजे चालणाऱ्याला दुकानं दिसतील आणि गाड्या मागे राहतील. ते जमेना. पण झाड लावायला कोर्टाची मनाई नव्हती. काकांनी ठरवलं, तिन्ही बाजूंनी मेंदीचं दाट कुंपण करायचं.

त्यांची काम करायची एक रीत होती. पिशवीतून घडीचं स्टूल काढायचं, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर मांडायचं आणि तासन् तास त्या जागेकडे बघत बसायचं. मध्येच पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर आडवी धरायची आणि एक डोळा मिटायचा. जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीतून बघायची तर काका समोर बसलेले. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, संध्याकाळी दिवे लागल्यावर बघितलं. मोठ्यातल्या मोठ्या गाडीचं टप दिसेनासं व्हायला कुंपण किती उंच हवं, ते त्या पेन्सिलीने ठरलं. नकाशावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, उंची सहा फूट.

कुंपणासाठी फुटपाथवर चढवलेली गाड्यांची एक अख्खी रांग जाणार होती. ती पार्किंगच्या ठेकेदाराला कुठली परवडायला. एका रविवारी सकाळी एक पांढरी गाडी आमच्या गल्लीत येऊन थांबली आणि दोन माणसं जिना चढून वर गेली. मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते, ती स्वयंपाकघरातच अडकले. एकाचं मनगट माझ्या पोटरीएवढं असेल. दुसरा बारीक होता आणि अजिबात आवाज न चढवता बोलत होता. मला त्या बारक्याचीच जास्त भीती वाटली.

काकांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, नकाशा उलगडला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. काकू चहा आणि शंकरपाळे देऊन आल्या आणि दाराआड माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

बारक्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “डबीर साहब, आप तो रोज़ पैदल निकलते हैं ना? विकास नगर से गंज तक। इस शहर में पैदल आदमी का क्या भरोसा। कब कौन गाड़ी चढ़ा दे।”

माझ्या हातातलं विरजणाचं भांडं मी ओट्यावर ठेवून दिलं. बाहेरून काकांचा आनंदाने फुललेला आवाज आला. “बिलकुल सही! यही तो मैं बीस साल से फ़ाइलों में लिख रहा हूँ! पैदल आदमी की कोई सुनता ही नहीं। ये देखिए, इसी लिए फ़ुटपाथ यहाँ चौड़ा रखा है।”

जाड्याने बारक्याकडे बघितलं. मग ते दोघं उठले, “चलते हैं” म्हणाले आणि गेले. जाताना जाडा दोन शंकरपाळे उचलून घेऊन गेला.

“अहो, ते धमकी देऊन गेले तुम्हाला,” काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“धमकी? कायले धमकी? त्याले पटलं ना माझं.”

पुढे महिनाभर काका पायी निघाले की मी काहीतरी निमित्त काढून स्कूटर हळूहळू त्यांच्या मागून न्यायची. पांढरी गाडी दिसली की माझे हात हँडलवर घट्ट व्हायचे. सुदैवाने काही झालं नाही. वरून कुठून तरी ठेकेदाराला समज मिळाली असावी. काकांना यातलं काहीच कळलं नाही, आणि कुंपणाचं काम पावसाच्या तोंडावर सुरू झालं.

एका माणसाने मात्र त्यांना खरोखर सावध केलं होतं. तिवारीजी. त्या पार्किंगमध्ये पावत्या फाडणारे साठीचे गृहस्थ. फाटकाशी पत्र्याच्या टपरीत खुर्ची टाकून बसायचे. खड्डे खणले जात होते तेव्हा मी स्कूटर काढायला गेले होते, त्यामुळे हे बोलणं मी स्वतः ऐकलं.

“साहब, एक बात कहें? इसको कमर तक ही रखिएगा। हम यहीं बैठे-बैठे चारों कोने देख लेते हैं। सड़क वाले भी देखते रहते हैं।”

काका हसले. “तिवारीजी, आपको कुर्सी से उठना पड़ेगा, बस यही तकलीफ़ है ना?”

तिवारीजीही हसले. सरकारी साहेबांपुढे त्यांनी आणखी काय करायचं होतं? मीही हसले होते, हे मला सांगायला हवं.

पहिल्या वर्षी मेंदी छातीपर्यंत आली. दुसऱ्या पावसात तिने सहा फूट गाठले, आणि खरं सांगायचं तर बाहेरून ती जागा इतकी देखणी दिसायला लागली की माणसं थांबून बघायची. हिरवीगार भिंत, कडेला दगडी बाकं, फुटपाथवर जुन्या धाटणीचे पिवळे दिवे. गाड्या म्हणून कुठे दिसायच्या नाहीत. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. कोणी मोठे साहेब येऊन फीत कापून गेले, ‘हरित पट्टा’ अशी पाटी लागली. काकू वर्तमानपत्राचं ते पान अमरावतीला पाठवायचं म्हणून दोन दिवस गादीखाली सपाट करत होत्या.

आणि आतून?

आतून ती एक पेटी झाली होती. मागे शेजारच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत, तिन्ही बाजूंना मेंदी, आणि फाटक एकच, तेही टोकाला. दिवे सगळे फुटपाथवर, त्यांचा उजेड मेंदीच्या बाहेरच्या अंगावर पडायचा. नोव्हेंबर उजाडला की लखनौत साडेपाचला काळोख पडतो, आणि डिसेंबरात धुकं उतरतं. मी सव्वासहाला बँकेतून निघायची. फाटकातून आत शिरलं की चार पावलांवर रस्त्याचा आवाज बसायचा. माणसं तीन फुटांवरून चालत असायची, मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, पण ती मला दिसायची नाहीत आणि मी त्यांना दिसायची नाही. स्कूटर लावायला जागा नेहमी लांबच्या कोपऱ्यात मिळायची. मी बँकेतच किल्ली काढून मुठीत धरायची, टोक बोटांच्या मधून बाहेर. दोन गाड्यांच्या मधून जाताना आधी वाकून खाली बघायची. एकदा कोपऱ्यात कोणीतरी उभं राहून सिगरेट ओढत होतं. तो आपल्या गाडीची वाट बघणारा ड्रायव्हर निघाला, पण हे कळेपर्यंत माझ्या पाठीवरून घाम गेला होता, त्या थंडीत.

बँकेतल्या बाकीच्या बायकांचंही तेच. आम्ही दोघी-दोघी निघायला लागलो. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं.

काका दर रविवारी जिन्यात भेटले की विचारायचे, “मग, कशी आहे माझी मेंदी? पाहून राहिली ना रोज?”

“छान आहे, काका.”

“उंची बरोबर साधली ना?”

“अगदी बरोबर.”

असं मी ती सगळी थंडी म्हणत राहिले. मला त्यांचा चेहरा पडलेला बघवला नसता. आयुष्यात त्यांची एकच गोष्ट कागदावरून जमिनीवर उतरली होती, बाकी सगळे नकाशे डाळीच्या डब्यांखालीच राहिले होते. शिवाय भीती वाटते म्हणजे काय वाटते, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय दाखवणार होते? काहीच तर झालं नव्हतं. मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या थंडीत, जानेवारीच्या सुरुवातीला ते झालं. प्रियंका नावाची एक मुलगी आमच्या शाखेत नवीन लागली होती. जानकीपुरमहून स्कूटरने यायची, सदा हसतमुख. तिचं काम त्या दिवशी लवकर आटोपलं, म्हणून ती एकटीच खाली गेली. धुकं इतकं होतं की बँकेच्या खिडकीतून समोरचा फुटपाथही दिसत नव्हता. लांबच्या कोपऱ्यात मेंदीला चिकटून एक माणूस उभा होता. त्याने मागून तिच्या तोंडावर हात दाबला. ती झटापट करत होती तेव्हा मेंदीच्या पलीकडे कोणीतरी मूँगफलीचा भाव करत होतं, ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं. तिने पोलिसांना नंतर हेच परत परत सांगितलं, की मूँगफलीवाला बोलत होता. शेवटी तिने त्याचा हात चावला, पळाली, दोन गाड्यांच्या मध्ये पडली आणि उजवा हात कोपराजवळ मोडला. आवाज ऐकून तिवारीजी धावले. तो माणूस कधी सापडला नाही.

मी इस्पितळातून थेट काकांकडे गेले. ते नकाशावर वाकले होते. मी चप्पलही काढली नाही.

“काका, मला तिथे भीती वाटते,” मी म्हटलं. “मागच्या थंडीपासून वाटते. आम्हा सगळ्यांना वाटते. मी तुमच्याशी खोटं बोलत होते.” आणि मग प्रियंकाचं सांगितलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मला वाटलं, ते विचारतील, मग आधी का नाही सांगितलंस. ते म्हणाले, “उद्या त्याच वेळेला मला घेऊन चाल.”

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला आम्ही फाटकाशी उभे होतो. धुकं होतंच. मी म्हटलं, “तुम्ही त्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत जा, आणि तिथून एकटे परत या. मी इथे तिवारीजींपाशी थांबते.” काका आत गेले. दहा पावलांत दिसेनासे झाले. तिवारीजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ‘मी सांगितलं होतं’ असं ते म्हणू शकले असते, पण ते काका गेले त्या दिशेने बघत राहिले.

काकांना परत यायला वेळ लागला. आधी पावलं ऐकू आली, भराभर पडणारी, मग ते दिसले. खांद्यावरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“माझ्या मागं कोणी होतं काय?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

“मला वाटलं, होतं.”

ते तिवारीजींच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “तीन वर्षं या जागेवर काम केलं मी. आत कधी आलोच नाही.” आणि मग तो माणूस, ज्याला मी कोणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, तिवारीजींचा हात धरून रडला.

कचेरीत त्यांनी कुंपण कापायचा कागद पाठवला. वरच्या साहेबांनी सांगितलं, अख़बार में फ़ोटो छप चुकी है, डबीर साहब, बरसात के बाद देखेंगे. हरित पट्ट्याला हात लावायचा तर समिती बसवावी लागेल. काकांनी रजा टाकली, अमीनाबादच्या बाजारातून झाडं छाटायची मोठी कात्री आणली आणि सकाळी दहा वाजता, भर रहदारीत, त्याच कोपऱ्यापासून कापायला सुरुवात केली. माप म्हणून स्वतःचा गुडघा. दुसऱ्या दिवशी तिवारीजी घरून हँसिया, म्हणजे आपला विळा, घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका फांद्या ओढून बाजूला टाकायचो. येणारे-जाणारे हळहळत होते. “अरे अंकल, इतनी सुंदर चीज़ क्यों उजाड़ रहे हैं?” एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांना चांगलंच झापलं. काका मान वर न करता कापत राहिले. त्यांच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, काकूंनी चिंध्या बांधल्या. नवव्या दिवशी शेवटची बाजू खाली आली आणि फुटपाथवरचा उजेड गाड्यांवर पडला. त्याच आठवड्यात सरकारी झाडांची नासधूस केल्याबद्दल त्यांना नोटीस आली. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्यानंतरचे डबीरकाका मला ओळखू येईनात. रस्ता ओलांडताना ते माझी बाही धरायला लागले. गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचे. मला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की फोन. “कुठं आहे? बोलत राहा, ठेवू नको.” कोणाच्या गल्लीत दिवा नाही, कोणत्या शाळेच्या मागे बोळ आहे, हे आता त्यांना एकदम दिसायला लागलं होतं, आणि एकदा दिसल्यावर ते दिसायचं थांबत नव्हतं. काकू म्हणायच्या, “ह्यांना न भिता हिंडताना पाहून मी भीत होते, आता ह्यांना पाहूनच भीती वाटते.”

आणि रोज संध्याकाळी सहाला ते त्या पार्किंगमध्ये येऊन उभे राहायचे. शेवटची बाई गाडी काढून जाईपर्यंत. मी म्हटलं, काका, कुंपण कापलंत ना, आता सगळं दिसतं. ते म्हणायचे, “असू दे. मी उभा राहिलो तर काय बिघडते?” आमच्या बँकेतल्या मुलींना त्यांची सवय झाली. कानटोपी-मफलरमधल्या त्या उंच म्हाताऱ्याला त्या ‘नमस्ते अंकल’ करून जायच्या.

मार्चअखेर ते निवृत्त झाले आणि दोघं अमरावतीला गेले. मी स्टेशनवर गेले होते, गाडी हलेपर्यंत हात हलवला होता. पण काका म्हटलं की मला तो फलाट आठवत नाही. मला फेब्रुवारीअखेरची एक संध्याकाळ आठवते.

प्रियंका कामावर परत आली होती. आधी काही दिवस भाऊ सोडायला-न्यायला यायचा. मग एका सकाळी ती म्हणाली, “दीदी, आज मैं स्कूटी लाई हूँ।” आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते काकांना फोन करून सांगितलं. तिने काकांना कधी पाहिलं नव्हतं. मीही तिला त्यांच्याबद्दल काही बोलले नव्हते. कुंपण कोणी लावलं आणि कोणी कापलं, हे मी कोणत्या शब्दांत सांगणार होते?

साडेसहा होऊन गेले होते. मी तिच्यापेक्षा वीस-एक पावलं मागे होते. माझा फोन वाजला म्हणून थांबले होते. काका रोज पार्किंगच्या मध्यावर उभे राहत. त्या दिवशी ते तिच्या स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले होते. अगदी जवळ. तिला काही होऊ नये म्हणून.

प्रियंका दोन गाड्यांना वळसा घालून गेली आणि समोर तोंडाला मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस. ती जागच्या जागी थांबली. ओरडलीसुद्धा नाही. मोडून जुळलेला हात तिने दुसऱ्या हाताने पोटाशी धरला.

“बेटा,” काका म्हणाले, आणि एक पाऊल पुढे आले.

ती मागच्या गाडीवर आदळली.

काका थांबले. मी पळत सुटले होते, पण मी पोचायच्या आधी त्यांना सगळं समजलं होतं. त्यांचा चेहरा मला उजेडात दिसला. असा चेहरा मी परत कोणाचा पाहू नये. त्यांनी मफलर खाली ओढला, दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे उघडे धरले, आणि तसेच मागे मागे सरकत गेले. गुडघ्याएवढी मेंदी त्यांच्या पायांना लागली. ती त्यांनी ओलांडली, फुटपाथवर गेले आणि पाठ फिरवून चौकाकडे चालू लागले. हळूहळू, दिव्यांच्या खालून, हात अजून तसेच अंगापासून लांब. मागे वळून त्यांनी बघितलं नाही. ते कुठे आहेत हे तिला सतत दिसत राहावं, असं ते चालत होते.

मी प्रियंकाला धरलं. 

“गया?” तिने विचारलं.

“जा रहे हैं,” मी म्हटलं. “वो देखो।”

ती बघत राहिली. काका चौकात वळून दिसेनासे होईपर्यंत तिने स्कूटरला किल्ली लावली नाही.